तीन वेळा लिहिलेला शेरा

ताई छापखान्यात पुस्तकं बांधायची. छापील पानांचे फर्मे जुळवायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. जिभेला धार होती, पण ती छापखान्यापुरती. दवाखान्याची पायरी चढली की ती गरीब गाय व्हायची. धाकट्या बहिणीचा जीव डॉक्टरांच्या हातात, त्यांच्याशी वाकडं बोलून कसं चालेल?

धाकटीला नवव्या वर्षी मधुमेह झाला. तेव्हापासून आठ वर्षं रोज इन्सुलिनच्या चार सुया. यंदा ती तिसऱ्यांदा वॉर्डात आली होती, धापा टाकत, ओठ कोरडेठाक. दर वेळी सलाईन, दर वेळी तीच खरडपट्टी, की सुया चुकवतेस, घरच्यांच्या जिवाला घोर लावतेस. आणि तीन दिवसांनी घरी.

या खेपेला नर्सबाई फाइल खाटेवरच विसरल्या. ताईचा जन्म कागद चाळण्यात गेलेला. तिने उघडली. तिन्ही वेळचा शेरा एकच: ‘पेशंट ऐकत नाही.’ का ऐकत नाही, याची एक ओळसुद्धा नव्हती.

तिने धाकटीलाच विचारलं. धाकटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “मी विसरत नाही गं. मुद्दाम घेत नाही. रोज चारदा ठरवायचं, जगायचंय म्हणून. कंटाळले मी.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. तीही रोज कामावरून आली की ‘साखर किती?’ एवढंच विचारायची.

मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, मनाचा विभाग पलीकडच्या इमारतीत आहे, चिठ्ठी देतो, अकरा आठवड्यांनी नंबर लागेल.

ताईने फाइल त्यांच्यापुढे धरली. “ऐकत नाही, असं तीनदा लिहिलंत. तुम्ही तिचं एकदा तरी ऐकलंत का? मनाचे डॉक्टर इथे येईपर्यंत मी हिला नेणार नाही. खाट अडली तर अडू दे.”

खाट दोन दिवस अडली. कारकून समजावून गेला, मेट्रनबाई दमदाटी करून गेल्या. ताई स्टुलावरून हलली नाही. तिसऱ्या दिवशी मनाच्या डॉक्टरबाई आल्या आणि पडदा ओढून पाऊण तास धाकटीशी बोलल्या. धाकटी आता दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते. सुई अजूनही कधीतरी चुकते, पण चुकली की ती आपणहून सांगते.

ताई मात्र अजून धुमसते आहे. शेजारच्या खाटेवर धाकटीच्याच वयाची, त्याच दुखण्याची एक मुलगी होती. तिला तीन दिवसांनी घरी पाठवलं. तिच्या वतीने भांडायला कुणीच नव्हतं.