जिथे थांबलात तिथून

आमच्या मामांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर नोकरी गेली, खोड राहिली. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, दुकानांच्या पाट्या, माझी लग्नपत्रिका, काही म्हणता काही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. पत्रिकेतल्या तीन चुका त्यांनी मला लग्नाच्या दिवशी सांगितल्या. आधी सांगितल्या असत्या तर सुधारता आल्या असत्या ना.

अशा माणसाने आत्मचरित्र लिहायला घेतलं. आम्ही खालच्या मजल्यावर आणि मामा वरती एकटे, त्यामुळे त्यांचं टंकन आम्हाला छतातून ऐकू यायचं. पहिल्या सहा महिन्यांत एकेचाळीस पानं झाली. मग गाडी जी अडली ती अडलीच.

तरी मामा रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे बसत. फाइल उघडली की पहिलं पान समोर यायचं, आणि समोर आलेली ओळ न तपासता पुढे जाणं त्यांच्या रक्तात नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत ते चौथ्या पानावर पोचायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जन्म. तीन वर्षांत मामा हजारभर वेळा तरी जन्मले असतील, आणि दर वेळी आधीपेक्षा निर्दोष.

आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, दर रविवारी वर जाऊन विचारायची, "दादा, माझ्या अर्जापर्यंत आलास का?"

"येतोय, येतोय. घाईत लिहिलं की चुका राहतात."

हा अर्ज म्हणजे आमच्या घरातली जुनी गोष्ट. एकोणीस वर्षांची असताना आईने परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज भरला होता. तीन वर्षं दुसऱ्या शहरात, वसतिगृहात राहायचं होतं. अर्ज परत आला, कारण एक रकाना कोरा होता, आणि तो परत येईपर्यंत मुदत संपली. आई घरी राहिली, आजारी आजोबांचं सगळं तिने केलं, आणि पुढे औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात तिचा जन्म गेला. घरात कुणी काही विसरलं की अजून म्हणतात, 'आईसारखा रकाना सोडलास.' अर्ज टपालात टाकण्याआधी तो मामांनी तपासला होता, ही बारीकशी गोष्ट मात्र सांगायची राहून जाते.

मला वाटलं, बिचारे मामा केवळ यंत्रामुळे अडलेत. म्हणून एकदा मी सेटिंग उघडलं. तिथे एक चौकोन होता: फाइल मागच्या वेळी जिथे सोडली तिथेच उघडावी. मी त्यात खूण केली आणि स्वतःवर खूश होऊन खाली आले.

झालं. मामांचा जन्मच बंद झाला. चौथ्या पानावर सोडलं की दुसऱ्या दिवशी चौथंच समोर, मग आठवं, मग बारावं. असे सरकत सरकत दोन आठवड्यांत ते एकेचाळिसाव्या पानावर येऊन आदळले. वरचं टंकन थांबलं. तिसऱ्या दिवशी मामा खाली आले.

"ते पहिल्यासारखं करून दे. सुरुवातीपासून वाचल्याशिवाय मला सूर लागत नाही."

"कसं केलं होतं तेच विसरले हो, मामा," मी म्हणाले. मी विसरले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला पहिल्यांदाच शंका आली की अडचण यंत्राची नसावी.

रविवारी आई वर गेली, मागून मी. मामा आंघोळीला गेले होते. आई म्हणाली, "उघड गं, बघू तरी कुठवर आलाय." मी फाइल उघडली. ती आज्ञाधारकपणे तिथेच उघडली.

'टपालात टाकण्याआधी तिने अर्ज माझ्याकडे तपासायला दिला. मी तो दोनदा वाचला आणि'

पुढे काही नव्हतं. आईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मला बाजूला सारून खुर्चीवर बसली आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, टंकत राहिली. मामा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि दारातच थबकले. आई उठली, त्यांच्याकडे न बघता जिना उतरली. तिने लिहिलं होतं:

'दादा, तुला औषधाच्या खोक्यावरची चूक दिसते. माझ्या अर्जातला कोरा रकाना दिसला नाही, हे मी कधीच खरं मानलं नाही. पुढे लिही.'

मला मामांचा भयंकर राग आला होता. इतकी वर्षं मीसुद्धा आईला रकान्यावरून चिडवत आले होते, याची लाजही वाटत होती. मी आईच्या मागोमाग खाली गेले.

सोमवारी नऊला टंकन सुरू झालं आणि आठवडाभर चालू राहिलं. पुढच्या रविवारी मामा स्वतः खाली आले. छापलेली दोन पानं आणि टोक केलेली पेन्सिल त्यांनी आईपुढे ठेवली.

"तपास," म्हणाले.

सगळं होतं त्यात. रकाना दिसला होता. ती गेली तर आजोबांचं कोण करणार, हा विचार आला होता, आणि ते 'कोण' आपणच असू, याची भीती वाटली होती. पाकीट त्यांनीच चिकटवलं होतं. आईने सगळं सावकाश वाचलं. मग पेन्सिल उचलून शेवटची एकच ओळ खोडली: 'अखेर जे झालं ते तिच्या भल्याचंच झालं.'

मामा पानं घेऊन वर गेले. त्यांनी फाइल उघडली, ती त्याच ओळीवर उघडली, आणि त्यांनी ती ओळ काढून टाकली.