चालवून पाहिलेलं नाव

सरदारांच्या वाड्याच्या, आमच्याकडे म्हणतात तसं बाड्याच्या, दिवाणखान्यात मला पाळण्यासमोर उभं केलं होतं. अंगावर नवं परकर-पोलकं. पाळण्यात सरदारांचा बारा दिवसांचा मुलगा. भोवती जरीच्या लुगड्यांतल्या बायका, गुलाबपाणी, पेढ्यांची ताटं. माझी आई दाराबाहेर होती. भांडी घासणाऱ्या बाईनं बारशाला आत यायचं नाही. मी आत होते, कारण माझ्याशिवाय ते बारसं होत नव्हतं.

भटजींनी माझ्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "म्हण, हे नाव माझं नाही. ज्याचं त्याला दिलं."

मी आठ वर्षांची. मला कळेचना कुठलं नाव. मी बाळाच्या आईकडे, बाईसाहेबांकडे बघितलं, कारण त्याच नेहमी माझी चौकशी करायच्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मुहूर्त टळेल, लवकर म्हण, असं कुणीतरी मागून ढोसलं. मी म्हटलं. नारळ घेतला गेला. लगेच आत्याबाईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, हणमंतराव. बायका हसल्या, पाळणा हलला.

एका पाहुण्या बाईनं विचारलं, मग आता या पोरीला हाक काय मारायची?

बाईसाहेब पाळण्याची दोरी ओढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मारा काहीही."

त्या क्षणापर्यंत माझं नाव हणमंत होतं. हो, मुलीचं. हसा. सगळे हसतात. आमच्या मोहल्ल्यातली, शिंदे की छावनीतली पोरं नळावर माझ्या परकराला मागून फडकं बांधायची आणि ओरडायची, ए हनुमान, पूँछ दिखा. मी दगड मारायचे. नेम चांगला होता माझा.

हे नाव मला कसं मिळालं ते आईनं नंतर सांगितलं, तेही अर्धं अर्धं. सरदारांच्या वडिलांचं नाव हणमंतराव. थोरल्या नातवाला तेच द्यायचं ही घराची रीत. पहिल्या मुलाला दिलं, तो गेला. दुसऱ्याला दिलं, तोही गेला. भटजी म्हणाले, नावाला दोष आहे. आधी दुसऱ्याच्या लेकरावर चालवून बघा. ते जगलं वाचलं तर नाव निर्धोक, मग आपल्या घरात घ्या. त्याच आठवड्यात बाड्याच्या मागच्या खोलीत मी जन्मले होते. कुणीतरी म्हणालं की नोकराच्या मुलाला धन्याच्या बापाचं नाव कसं द्यायचं, उद्या तो मोठा झाला तर? त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, मुलगी आहे तेच बरं. पोरीचं नाव तसंही लग्नात पुसायचंच असतं.

माझ्या बापाला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आबा म्हणाले, "जी सरकार." दुसरं त्यांना काही म्हणताच यायचं नाही.

आबांचं काम सांगते, म्हणजे कळेल. सरदारांचे नवे जोडे आधी आबा घालायचे. नवा जोडा चावतो. सरकारांच्या पायाला फोड येता कामा नये. म्हणून आबा ते जोडे घालून बाड्याच्या फरशीवर सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारायचे. टाचा सोलून निघायच्या, रक्त यायचं, ते जोड्याला लागू नये म्हणून आतून चिंधी. जोडे मऊ झाले की पुसून देवडीवर ठेवायचे आणि आबा अनवाणी घरी यायचे. आमच्या पणज्यानं म्हणे दख्खनेतून इकडे उत्तरेत येऊन लढाया मारल्या. नातू दुसऱ्याचे जोडे मऊ करत होता.

आणि मी नाव मऊ करत होते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. मला वाटायचं, बाड्यात माझ्यावर माया आहे. रोज सकाळी माझ्यासाठी दूध यायचं. रोज कुणीतरी विचारून जायचं, हणमंत बरी आहे ना? मला गोवर आला तेव्हा बाईसाहेब स्वतः आमच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या होत्या. आत नाही आल्या, पण किती तरी वेळ उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. मी तापातसुद्धा फुगले. मोहल्ल्यातल्या कुठल्या पोरीच्या दाराशी बाईसाहेब आल्या होत्या? अगं बाई, केवढा मान!

त्या बघत होत्या नाव चावतं का.

बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दूध बंद. मी लोटी घेऊन उभी राहिले तर स्वयंपाकीण म्हणाली, आता कशाला? मी आईला विचारलं, माझं नाव काय? तिनं मला एक ठेवून दिली. मग स्वतःच रडत बसली. तेव्हापासून बाड्यात मी "ए पोरी". घरात आई चुकून हणमंता म्हणायची आणि पटकन तोंडावर हात ठेवायची, कुणी ऐकलं तर?

पुढं लवकरच महाराजांचं राज्य भारतात विलीन झालं. लष्करभर, म्हणजे आमच्या शहरभर, झेंडे, भाषणं. आता कुणी राजा नाही, कुणी रयत नाही, सगळे सारखे, असं म्हणत लाडू वाटले. आबा दोन लाडू घेऊन आले. मी त्यांना विचारलं, मग माझं नाव परत मिळेल का? आबांनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "राज्य गेलंय पोरी. सरकार इथंच आहेत."

बराबर बोलले. नव्या राज्याच्या कचेऱ्यांत खुर्च्या नव्या होत्या, पण त्यांवर बसणारे बाड्यात पानसुपारीला यायचे. आबा तेव्हाही जोडेच चालवत होते.

एक झालं, गल्लीत मुलींची शाळा निघाली. फी नव्हती, म्हणून मला घातलं. शिक्षिकाबाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं, हणमंत. वर्ग फुटला हसून. आबा दारात टोपी हातात घेऊन उभे होते. ते घाईनं म्हणाले, नाही नाही बाई, ते नाव नाही, तुम्हीच काहीतरी लिहा. बाईंनी कमल लिहिलं. वर्गात आधीच दोन कमल होत्या. तिसरी मी. हाक मारली की आम्ही तिघी उभ्या राहायचो आणि मग ज्या दोघी नको असतील त्यांनी बसायचं. मी बहुतेक वेळा बसायचे.

सोळाव्या वर्षी लग्न झालं. दाना ओली नावाच्या गल्लीत दिलं. नवरा सरकारी कचेरीत चपराशी. लग्नात तांदळाचं ताट आलं, त्यात नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव काढलं. सासूबाईंनी ठरवलेलं. ते मी इथं सांगत नाही, कारण ते माझं नाही. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ मीच निवडले, मीच शिजवले, सगळे जेवले. बाईसाहेब म्हणाल्याच होत्या ना, पुसायचंच असतं.

मग ते नवं राज्यही मोडलं. मोठं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्याच्या कचेऱ्या गाडीत भरून निघाल्या. कपाटं गेली, साहेब गेले, त्यांच्यामागे चपराशी गेले. नवरा भोपाळला गेला तेव्हा मला सातवा महिना होता. लष्करात दुकानं ओस पडली. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांनी बदल्या थांबवल्या. आमची कुणाशी ओळख?

मुलगी झाली. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

आठ-नऊ दिवसांनी आई आली. बरोबर आबा. आबा दारातच बसले, आत नाही आले. आई माझ्याकडे न बघता बोलत होती. सरदारांच्या धाकट्या भावाची मुलं जगत नाहीत. पुढच्या मुलासाठी मालोजी नाव ठरलंय. तुझ्या पोरीला ते दे, आधी चालवून बघायचंय. दूध सुरू होईल. आणि सरकार शब्द टाकतील, जावईबापू भोपाळहून परत येतील. सासूबाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या.

मी पोरीला मांडीवर घेतलं. आईला वाटलं, मुलीला मुलाचं नाव मला खटकतंय. ती म्हणाली, "मुलगीच आहे गं. तिचं काय जातं?"

"माझं काय गेलं ते तू बघितलंस ना आई?"

आई रडायला लागली. मला राग आला तिचा. मला तिची दयाही आली, पण राग जास्त. मी दाराकडे बघितलं. आबा उंबऱ्याबाहेर पाय पसरून बसले होते. त्या पायांचे तळवे मी कधी नीट बघितले नव्हते. टाचा जागोजाग फुटून काळ्या झालेल्या, घट्टेच घट्टे. आयुष्यभर सरदारांचे जोडे घातले या माणसानं आणि स्वतःचे जोडे कधी घातले नाहीत. मांडीवर माझी मुलगी होती. तिचा पाय माझ्या बोटाएवढा. मऊ. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं, असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. उलट सगळं एकदम साफ दिसायला लागलं.

बारशाला बाईसाहेब स्वतः आल्या. मोटार दाना ओलीत शिरेना, म्हणून तोंडाशी थांबवून चालत आल्या. मागे गडी, त्याच्या हातात दुधाची बरणी. गल्लीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. सासूबाईंनी घरातली एकुलती खुर्ची पदरानं पुसली. नणंद कुर्र करायला वाकली. तिला नाव पढवून ठेवलं होतं.

मी मुलीला पाळण्यातून उचललं.

"हिचं नाव हणमंत."

कुणाला कळेचना. नणंद म्हणाली, वहिनी, मालोजी. मी पुन्हा म्हटलं, हणमंत. मोठ्यानं म्हटलं, गल्लीत ऐकू जाईल असं.

बाईसाहेब म्हणाल्या, "ते आमच्या मुलाचं नाव आहे."

"आधी माझं होतं. मी चालवलं म्हणून तुमचा मुलगा जगला. तुमचंच म्हणणं ना?"

त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे नावाकडे नाही, माझ्याकडे. उठल्या. गड्यानं बरणी उचलली. आबा दारात होते, ते उभे राहिले, हात जोडले, आणि तोंडातून तेच आलं, जी सरकार. त्या त्यांच्या अंगावरून निघून गेल्या.

पुढचं सांगायला नको, पण सांगते. आठवड्यात आबा-आईला बाड्याची खोली सोडावी लागली. आबा त्या थंडीत गेले. तिरडीवर बांधताना मी त्यांच्या पायात जोडे घाला म्हटलं, तर लोक म्हणाले, प्रेताला कुठं जोडे घालतात? नवरा दिवाळीला आला, म्हणाला, नाव बदल नाहीतर मी येत नाही. मी नाही बदललं. तो येत नाही. ऐकते, भोपाळमध्ये दुसरी केलीय. सासूबाईंनी मला हाकललं नाही, कारण चार घरची भांडी मी घासते तेव्हा त्यांची भाकरी होते. बाडा आहे तसाच आहे. त्यांच्या हणमंतरावाचं परवा वाढदिवसाचं जेवण झालं, पत्रावळींचा ढीग गल्लीच्या तोंडाला होता.

काही बदललं नाही. राज्य दोनदा बदललं, आमचं काही बदललं नाही.

माझी मुलगी आता शाळेत जाते. काल रडत आली. परकराला मागून सुतळी बांधलेली होती. तीच छावनीतली पोरं, नाहीतर त्यांची पोरं, काय फरक? म्हणाली, "आई, मला कमल म्हण ना गं."

मी सुतळी सोडली. नाही म्हटलं.

ती रडत राहिली, मी भांड्यांना गेले. परत आले तोवर डोळे सुजले होते तिचे. तिला जवळ घेऊन एवढंच सांगितलं की तुला हे नको असेल तर मोठी झाल्यावर तू टाक. तुझ्या हातानं टाक, तुला हवं ते घे, मी अडवणार नाही. पण भटजीनं नारळ पुढं केला तर घेऊ नकोस. शाळेतल्या बाईंनी दुसरं लिहिलं तर उभी राहा आणि बसू नकोस. आणि तुझ्या लग्नात तांदळाचं ताट आलं, तर मी जिवंत असेन तोवर ते ताट मांडवात पोचणार नाही.

तिला किती कळलं कोण जाणे. आज सकाळी मी तिला शाळेत सोडायला गेले तेव्हा ती माझा हात सोडत नव्हती. ती आत गेल्यावर मी दारातून हाक मारली, पूर्ण नावानं, मोठ्यानं. पोरं हसली. मी परत मारली.