अण्णांनी जोडलेली केबल

मंडळी, आज सकाळी विट्यात आमच्या ओट्यावर एक केबल तयार झाली.

माझा लहानपणीचा कॉम्प्युटर माळ्यावर सापडला, पण तो टीव्हीला जोडायची केबल कुठंच मिळेना. म्हटलं, घरीच करू. सोल्डरिंगला अण्णांना, म्हणजे वडिलांना बसवलं. त्यांनी जन्मभर परगावी गलाईच्या दुकानात सोनं गाळलं. हात थरथरायला लागला तसे घरी आले आणि बारीक कामाला हातच लावेनात.

मी आकृती बघून पिना सांगितल्या, त्यांनी तारा जोडल्या. टीव्ही काळाच.

"माझा हात गेला गं आता," म्हणत ते उठले.

मी आकृती पुन्हा बघितली. ती प्लगच्या तोंडाकडून काढलेली होती आणि आम्ही जोडत होतो मागून. डावं-उजवं मीच उलटं सांगितलं होतं. त्यांचा एकही जोड कच्चा नव्हता.

"आवं अण्णा, चूक माझी हाय. बसा परत."

तारा बदलल्या आणि पडदा निळा झाला. कोपऱ्यात कर्सर लुकलुकायला लागला.

अण्णांनी सोल्डरगन बंद केली नाही. म्हणाले, "आणि कुणाची केबल करायची हाय का?"

तर मंडळी, आहे का कुणाची?