बोगद्यावरची हरकत

धुळ्यात एका सरकारी कचेरीत मी नकाशे काढते. नगररचनेचं काम. राहायच्या जागेला पिवळा रंग, दुकानांना निळा, बागेला हिरवा, आणि रस्ता रुंद व्हायचा असेल तिथे लाल रेघा. हिरवा रंग बहुतेक वेळा कागदावरच राहतो, हे एव्हाना खान्देशात सगळ्यांना ठाऊक आहे. आराखडा जाहीर झाला की हरकती येतात. कुणाची विहीर रस्त्यात जाते, कुणाचा ओटा, कुणाचा देव. देव गेला की सगळी गल्ली येते, ओटा गेला की एकटा मालक येतो. मग सुनावणी होते, चहा होतो, आणि लाल रेघ जरा वाकते. नवखी असताना मला याचं हसू यायचं. आता येत नाही. आमच्या घरासमोरची रेघ अशीच वाकली आणि माझी आई गेली.

घर जळगावात, हायवेच्या पलीकडे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथे प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला कपाशी होती. आबा एका शेठजींच्या जिनिंगवर मुनीम होते. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे प्लॉट घेतला म्हटल्यावर भाऊबंदकीतले चार जण मागोमाग आलेच. नंतर शिंदखेड्याकडचे आले, वरणगावला नोकरी करून निवृत्त झालेले आले. कपाशीच्या जागी कॉलन्या झाल्या, पण दवाखाना, भाजीबाजार, शाळा, बँक सगळं हायवेच्या अलीकडे राहिलं, गावात. शहर वाढलं ते असं: माणसं एका बाजूला आणि त्यांची कामं दुसऱ्या बाजूला. मधून ट्रक.

आईला सगळी कॉलनी अक्का म्हणायची. गावाकडच्या बाजूला तिचा बचत गट होता. तिथे बायका मिळून ज्वारीच्या बिबड्या, नागलीचे पापड करायच्या. रोज सकाळी ती हायवे ओलांडायची, दुपारी परत. गुडघे गेलेले. दुभाजकात आमच्या कॉलनीसमोर एक फट होती, तिला सगळे कट म्हणत. कटपाशी आली की आई पदर खोचायची, उजवा हात वर करायची आणि समोरच्या ट्रकला तळवा दाखवत चालायला लागायची. आशीर्वाद दिल्यासारखा. मी ओरडायचे, "अगं, तो थांबला नाही तर?" ती म्हणायची, "थांबस तो. त्याले बी माय शे." ट्रकवाल्यालाही आई आहे, या तिच्या भाबडेपणाचा मला राग यायचा आणि तिची भीती वाटायची. शनिवारी धुळ्याहून घरी आले की पायरीवर तिच्या चपला दिसेपर्यंत माझा जीव जागेवर नसायचा.

मग हायवे रुंद करायचं ठरलं. मोजणीवाले आले, झाडं गेली, आणि एका दुपारी दोन इंजिनिअर नकाशा घेऊन आमच्या कॉलनीत आले. आमच्या ओपन स्पेसवर बागेऐवजी मारुतीचं मंदिर आहे. त्याच्या सभामंडपात सगळे जमले. इंजिनिअर म्हणाले, तुमच्यासमोरच बोगदा देतो. माणसं, सायकली, रिक्षा खालून जातील, ट्रक वरून. कट बंद. मी नकाशा हातात घेतला. इतकी बिनचूक जागा मी स्वतःही काढली नसती. मला वाटलं, चला, देव पावला.

पण देवाचंच घोडं अडलं. खालच्या गल्लीतले नाना उठले. "कानबाई कथी जाई?" ते म्हणाले. कुठून जाईल कानबाई?

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला डोळे, नथ, मुखवटा करून चौरंगावर देवी मांडतात, भाऊबंद मिळून रोट खातात, आणि सोमवारी सकाळी घरची सून तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्याला नेते. आमच्या कॉलनीतल्या घरोघरच्या कानबाई मिळून हायवे ओलांडून जायच्या. पोरं दोन्ही बाजूंना दोर धरून ट्रक अडवायची, मधोमध फुगड्या व्हायच्या. वर्षातून एक दिवस तो हायवे आमचा असायचा. आणि आता ती खालून जाणार?

"देवीना डोकावरतीन ट्रका जातीन?" नाना म्हणाले. सभामंडपातल्या माना डोलायला लागल्या. त्याचा अर्थ मला कळला आणि मी घाईघाईने बोलायला लागले, की बोगदाच घ्या, पुन्हा मिळणार नाही, कट ठेवला तर माणसं मरतील. आबा म्हणाले, "तू बस. हे ऑफिस नाही तुझं." चारचौघांत. मी बसले.

बायका बसल्या होत्या तिकडून आई बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता. "कानबाई वरीसमा एक डाव जास," ती म्हणाली, "मी रोज जास."

सगळे हसले. खरंच मनापासून हसले, अक्का नेहमीसारखं काहीतरी गमतीचं बोलल्या म्हणून. तीही हसली. आबाही हसले, आणि मग गंभीर होऊन सगळ्यांच्या वतीने म्हणाले, "बठ्ठासनं मत एक शे. बोगदा नको, कट ऱ्हाऊ द्या."

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं की ते कॉलनीची अब्रू राखताहेत. पारोळ्याकडून निघताना गाव सुटलं, शेत सुटलं, बोलीसुद्धा पोरांच्या तोंडातून सुटत चालली होती. कानबाई तेवढी राहिली होती. हे सगळं मला समजतं, आणि तरीही त्या हसण्याचा राग माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

आबा आपल्या जुन्या शेठजींकडे गेले. शेठजींनी वर शब्द टाकला. त्यांचं गोडाऊन आमच्याच बाजूला होतं, कट राहिला तर त्यांच्या गाड्यांचाही फेरा वाचणार होता, आणि हे त्यांनी आबांना चहा पाजताना सरळ सांगितलं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. बोगदा पुढच्या वळणावर सरकला, रिक्षा करून जावं इतका लांब. तिथे तेव्हा वस्तीही धड नव्हती. कट राहिला. आबांच्या गळ्यात हार पडला, आणि त्या श्रावणात आईने कानबाई डोक्यावर घेऊन नव्या, दुप्पट रुंद हायवेवरून नेली. पोरांना दोर कमी पडला.

रस्ता रुंद झाला म्हणजे गाड्यांचा वेग वाढला, एवढंच. पूर्वी आईला दोन ट्रकांना हात दाखवावा लागायचा, आता चार रांगा. ती कटमध्ये दुभाजकाला टेकून उभी राहायची, अर्धा रस्ता झाला की दम खायची. उन्हाळ्यात तिथे सावली नाही, पावसाळ्यात चिखलाचे फवारे अंगावर. बोगद्याने जा म्हटलं तर म्हणायची, तितकं चालायला गुडघे कुठून आणू? रोज रिक्षा केली तर बिबड्या कशाला करू? बरोबरच होतं तिचं.

फोन आला तेव्हा मी एका रस्त्याच्या रुंदीकरणाचा नकाशा रंगवत होते. भाऊ फोनवर नुसता "ये, ये" म्हणत होता. एसटी मिळाली. पारोळ्याला गाडी थांबली, कंडक्टर चहा प्यायला उतरला, आणि मी खिडकीतून त्याच्यावर अशी किंचाळले की सगळी गाडी गप्प झाली. मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं.

आईने हात वर केला होता. बस थांबली होती. ड्रायव्हर भला माणूस, त्याने हाताने खूणही केली, जा माय. थांबलेल्या बसला ओलांडून मागून वाळूचा डंपर आला. त्याला आई दिसलीच नाही आणि आईला तो. म्हणजे आई म्हणायची ते खरंच होतं. समोरचा थांबला होता.

मग व्हायचं ते सगळं झालं. रास्ता रोको झाला, टायर जाळले, पुढारी येऊन आबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. बैल गेला आणि झोपा केला, तशी कटच्या अलीकडे एक पाटी लागली: अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा. नव्या बोगद्याचं नाव कामांच्या यादीत गेलं. अशा याद्या मी स्वतः टाईप केल्या आहेत. त्यातलं किती काम जमिनीवर येतं ते मला विचारू नका. काही दिवसांनी रस्तेवाल्यांनी सिमेंटचे ठोकळे टाकून कट बंद केला, तर कॉलनीतल्याच लोकांनी ते बाजूला सारले. ज्यांनी माझ्या आईला खांदा दिला त्यांनीच. फेरा पडतो म्हणे. मी नानांच्या दारात जाऊन वाटेल ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "बेटा, मालेबी दवाखानामा त्याच रस्तानी जानं पडस."

मी तशीच घरी आले.

आबा मात्र कशालाच काही बोलले नाहीत. रास्ता रोकोला गेले नाहीत, ठोकळ्यांच्या भांडणात पडले नाहीत. ओट्यावर हायवेकडे पाठ करून बसायचे. मला वाटायचं त्यांनी एकदा म्हणावं, चुकलं. एकदाच. मी शनिवारी यायचे, स्वयंपाक करायचे, सोमवारी जायचे, आणि आम्ही दोघं भाजीत मीठ कमी की जास्त एवढंच बोलायचो.

त्या वर्षी घरात कानबाई बसली नाही. पुढच्या वर्षी बसली. रोट झाले, सगळे भाऊबंद जेवले, सोमवारी सकाळी वहिनीने देवी डोक्यावर घेतली. आबांनी धुतलेली टोपी घातली आणि पुढे चालू लागले. हायवेपाशी आल्यावर बँड नेहमीसारखा कटकडे वळला, पोरं दोर घेऊन धावली. आबा थांबले. त्यांनी वहिनीच्या खांद्याला हात लावून तिला दुसरीकडे वळवलं, बोगद्याच्या दिशेने.

"आबा, तथा कथा चालनात?" नाना म्हणाले. "देवीले बोगदामा ली जाशात?"

आबा वळले. आई गेल्यापासून गप्प असलेला माणूस बोलला, आणि त्याचा आवाज बँडच्या वर गेला.

"घरनी बाई चाकेसखाले गयी. आते देवीले कसानी लाज?"

बँड बंद पडला. मग आबा चालायला लागले, मागून वहिनी, भाऊ, मी आणि भाऊबंदकीतल्या चार-पाच बायका. बाकी सगळे कटपाशीच उभे राहिले. त्यांच्या घरच्या देव्या कटमधून गेल्या, दोर धरून, दरवर्षीसारख्या.

आम्ही कडेकडेने बोगद्यापर्यंत गेलो. आत घोट्याइतकं पाणी साचलेलं, भिंतीवर शिकवणीच्या क्लासच्या जाहिराती. वहिनी चौरंग घट्ट धरून पाय चाचपत चालत होती. डोक्यावरून गाड्या जात होत्या. आत नुसती घरघर ऐकू येत होती, जात्याची यावी तशी. आबा मध्यावर थांबले. मान वर करून छत बघितलं, ओल्या भिंतीला हात लावला.

"तुनी माय मांगे तो बोगदा असाच ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो आबा."

"चांगला शे," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मला त्यांच्या तोंडून माफी हवी होती, इतके दिवस तिचीच वाट बघत होते. ती मिळाली असावी, पण मला काही बरं वाटलं नाही. मला फक्त आई आठवली, सभामंडपात हसताना.

देवी पाण्यात सोडली. परतताना ऊन तापलं होतं, आबांचे पाय भरून आले होते, वहिनीचे कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. रिक्षा एकही नव्हती. आम्ही चालत राहिलो, आणि कटपाशी आलो तेव्हा तिथेच थांबलो. समोर आमचं घर दिसत होतं. बोगदा मागे राहिला होता, लांब.

आबांनी धोतर सावरलं आणि उजवा हात वर केला. समोरचा ट्रक हळू झाला, थांबला. ड्रायव्हरने जा म्हणून खूण केली. आमच्यापैकी कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. आम्ही सगळे त्याच्या मागून काय येतंय ते बघत होतो.