बशीतला शेवटचा घोट

आनंद छोट्या गोष्टींत शोधावा, असं कोणी सांगू लागलं की माझं डोकं फिरतं. मला तो शोधावा लागला नव्हता. घोडपदेवच्या आमच्या खोलीत तो रोज दुपारी चारला बशीतून मिळायचा.

आई चहा बशीत ओतून प्यायची आणि शेवटचा घोट माझ्यासाठी ठेवायची. न विरघळलेली साखर सगळी त्यातच उतरलेली असायची. पोरांनी चहा पिऊ नये असं बाबांचं मत, पण ते तेव्हा गिरणीत. बशी चाटूनपुसून लख्ख केली की मला जगात दुसरं काही नको असे.

मी नऊ वर्षांची असताना आईला क्षय झाला. तिची कपबशी वेगळी झाली, अंथरूण खिडकीखाली गेलं. हे तिनंच ठरवलं. चहा एकटीनं संपवून ती बशी राखेनं घासायची आणि पालथी घालायची. सुरुवातीला मी बशीसाठी हट्ट केला, रडले, तरी ती बधली नाही. शेजारच्या काकूंनी मला पढवलं, आईचं उष्टं खाल्लंस तर तूही जाशील. मग मी शहाणी झाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एकदा संचारबंदी लागली. बाबा गिरणीतच अडकले, दूधवाला फिरकला नाही. आईला मात्र त्या दिवशी ताप नव्हता. कितीतरी दिवसांनी तिनं स्वतः स्टोव्ह पेटवून कोरा चहा केला. दार लावून आम्ही दोघी बसलो. गावच्या दशावतारात राक्षसाची मिशी कशी गळून पडली ते सांगताना ती खोकल्याशिवाय हसली. मला वाटलं, बरी झाली. बोलता बोलता जुन्या सवयीनं तिचा हात पुढे आला.

"घे गो, तळाक साखर आसा."

मी झटकन मागे सरकले आणि फ्रॉकनं तोंड झाकलं.

तिनं बशी मागे घेतली. मग उठून तिनं तो घोट मोरीत ओतला.

"बरा केलंस," म्हणाली.

त्यानंतर ती दोन महिने होती. चहा तिनं पुन्हा घेतला नाही. आजारानं तोंडाची चव गेली असेल, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. मी तिथंच उभी असायचे आणि गप्प राहायचे.