आतषबाजीची राखण

शिमगा होऊन आठवडा उलटला होता. मुरबाडच्या एसटीडी बूथवरून मामेभाऊ अनंताचा फोन आला, "ताई, बाबा गेले," आणि मी विचारलं, "कोण बोलतंय?" त्याने नाव सांगितलं. मी पुन्हा विचारलं, "कुठला अनंता?" तो बिचारा रडत होता आणि मी त्याची उलटतपासणी घेत होते. यात माझा दोष नाही, शिकवण मामाचीच. "फोनवर कोण पण कोणाला मारून टाकील, आपण लगेच रडाया बसायचं नाय," असं तोच मला बजावून ठेवायचा. सिद्धगडाच्या पायथ्याला त्याचं गाव, आणि त्या अख्ख्या पट्ट्यात त्याच्याइतका संशयी माणूस झाला नसेल. डॉक्टरने सुई टोचली की हा रिकामी बाटली बघायला मागायचा. कंडक्टरने दिलेलं तिकीट खिडकीच्या उजेडात धरून भोकं बरोबर जागी पडलीत का ते तपासायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा नवऱ्यामुलाच्या पगाराबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, त्याच्या चपला मात्र जाऊन बघून आला. "आत तोंड करून काढल्यात. पळणारा नाय वाटत," असा निकाल दिला. नवरा अजून आहे, म्हणजे मामाचं बरोबर होतं म्हणायचं...

अशा माणसावर कोणी संशय घ्यावा? पण घेतला, आणि तोही मामीने. त्याचं असं झालं. पाऊस यायच्या आधी आमच्याकडे राब भाजतात. म्हणजे भाताची रोपं जिथे पेरायची त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, वाळक्या फांद्या पसरून पेटवायच्या. वारा पडलेला बघून आग लावायची आणि ती विझेपर्यंत बांधावर हिरवी डहाळी घेऊन उभं राहायचं. ठिणगी उडाली की डहाळीने झोडपायची. गावात सगळ्यांचे राब मे महिना लागला तरी चाललेले असत. मामा मात्र एप्रिलमध्येच उरकून मोकळा. आणि एक मेला, महाराष्ट्र दिनाला, दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून निघायचा. "शोभाकडं जातो, शहापूरला." यायचाही. माझ्याकडे जेवायचा, जरा पडायचा, आणि "बाजारात जाऊन येतो" म्हणून जो जायचा तो ठाण्याची एसटी पकडायचा. परत यायचा शेवटच्या गाडीने. मला वाटायचं, मामीला ठाऊक असेल.

एका लग्नात मामीने मला मांडवामागे गाठलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरचं असेल हे.

"काय गो शोभे, तुजा मामा तुज्याकडं येतो म्हंजे नक्की कुठं जातो?"

"माझ्याकडेच येतो की."

"आन दिवसभर तुज्या तोंडाकडं बघत बसतो?"

खोटं बोलण्यात मी आधीच कच्ची. ठाणं तोंडातून निसटलं. मामीने मला आणखी आडोशाला ओढलं. ठाण्याला आमचं कोणीच नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी आंगोळीला वासाचा साबण लावतो गो." तिचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच बघत होते. "एवढा संसार केला. आता कोण असंल ती असंल, मला कळू दे. मग मी राहायचं का नाय ते ठरवीन. तू बघून ये."

झालं, मी हेर झाले. शेजारणीच्या लक्षात येतं पण माझ्या चुलीवरचं दूध उतू गेलेलं मला कळत नाही, अशी मी. नवऱ्याने विचारलं, "गॉगल लावणार का?" लपूनछपून जमणार नाही हे दिसतच होतं, म्हणून पुढच्या एक मेला मामा निघाला तशी मी पर्स घेऊन सरळ म्हटलं, "मीपण येते. ठाण्याचं लायटिंग बघायचंय."

"तुला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

एसटीचं तिकीट बघावं तसं त्याने मला उजेडात धरून बघितलं. पण नेलं.

ठाण्यात एका मोठ्या मैदानावर सोहळा होता. माळा सोडलेल्या इमारती, बँड, लेझीम, खांद्यावर बसलेली पोरं, हातात झेंडे. मामाने मला गोळा घेऊन दिला आणि "रंग कसला घालतात कोण जाणे," म्हणून स्वतः नुसता बर्फ चोखला. इतका खुशीत मी त्याला कधी बघितला नव्हता. माझा संशय वाढतच चालला. अंधार पडायला लागला तसा तो मैदानाच्या कडेला गेला, करंजाच्या झाडाची एक डहाळी मोडली आणि ती हातात धरून उभा राहिला. मी मनात म्हटलं, ही खूण. आता ती येणार... आणि खरंच आली. शेंगांची हातगाडी ढकलत एक बाई आली, वर कापडाचं छप्पर. मामाला बघून हसली. "आले का बाबा? औंदापण फांदी?" माझ्या पोटात गोळाच आला, मघाचा नव्हे, दुसरा.

मी बाईंना हळूच विचारलं, तुम्ही यांना कशा ओळखता? तर म्हणाल्या, "दर साली येतात. फटाके उडतात तवर माझ्या छपराला राखण बसतात. एवढ्या सालात एक ठिणगी पडली नाय, पण ऐकत नाय म्हातारा."

तेवढ्यात पहिलं रॉकेट वर गेलं. लाल, हिरवं, मग सोन्याचा पाऊस पडावा तसं आभाळभर. मामा डहाळी खांद्याला लावून, तोंड उघडं टाकून बघत होता. प्रत्येक ठिणगी विझेपर्यंत तिच्यावर नजर. "आपल्याकडं आग लावली का माणसाला घास गोड लागत नाय," तो म्हणाला, "हितं एवढी आग, आन लोक हसतात. कोणाचं काय जळत नाय. असं कसं, ते बघाया येतो."

"मग मामीला सांगायचंस ना."

"तिच्या बापाचं घर राबाच्या ठिणगीनं गेलं. दिवाळीला घरात फुलबाजी आणू देत नाय ती. तिला सांगू, मी साबण लावून आग बघाया जातो म्हणून?"

मी जसंच्या तसं मामीला सांगितलं. तिला पटलं नाही. "आग बघाया? खोटं बोलतेस तर जरा नीट बोल." आणि मी शहाणीने शेंगावालीचाही उल्लेख केलेला. "दिसायला कशी हाय?"

"अगं, साठीची असेल."

"मग मी काय पंचवीसची हाय?"

पुढच्या वर्षी मामी स्वतःच आली. मामा वाटेत सारखा वळून तिच्याकडे बघत होता. पहिला आवाज झाला आणि मामी पदर डोक्यावर घेऊन खालीच बसली. मामाने हातातली डहाळी मोडून दोन केल्या, एक तिच्यापुढे धरली. "धर. तू तिकडची बाजू बघ, मी हिकडची बघतो." ती उठली. एकमेकांना पाठ लावून दोघं उभे राहिले, शेतावर राहावेत तसे... कितीतरी वेळाने मी पाहिलं, मामी वर बघत होती. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "फांदी जरा मोठी तोडायची होती." त्यानंतर दोघं दर साली जोडीने जात राहिले.

यंदा एप्रिल संपता संपता मामी एकटीच माझ्या दारात उभी. अनंता नको म्हणत होता, लोक काय बोलतील. "लोकांचं काय खरं असतं?" म्हणाली. आम्ही दोघी ठाण्याला गेलो. शेंगावाल्या बाईंनी लांबूनच विचारलं, "बाबा नाय आले?"

मी काही बोलायच्या आत मामी म्हणाली, "राब राहिलाय औंदा. एकट्याला उरकत नाय आता."

ज्या बाईला नवऱ्याचं एक खोटं वर्षानुवर्षं सलत होतं, तिने हे खोटं इतकं सहज सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं. बाईंनी शेंगांची एक पुडी बांधली, "बाबांना द्या." मामीने ती पदरात घेतली.

येताना गाडीत तिने पुडी सोडली. एक शेंग फोडली, वास घेतला, समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात दाणा धरला, उलटा करून पाहिला. मगच तोंडात टाकला. दुसरी शेंग माझ्या हातावर ठेवली.

"बघून खा," म्हणाली.