आधी चोच ओली

उजव्या हाताचं बोट पाण्यात बुडवायचं, डाव्या मुठीतल्या पिल्लाच्या चोचीला लावायचं, आणि म्हणायचं, "आधी चोच ओली. मग बाकी सगळं."

एवढंच ती करायची. शंभर पिल्लं असली तर शंभर वेळा. घाई नाही, कंटाळा नाही. मी ओसरीवर विडी ओढत बघायचो आणि म्हणायचो, "बाय, कोंबडीची पिल्लं ती. त्यांना पाणी प्यायला शिकवावं लागतं?"

"तुम्हाला विडी कुणी शिकवली, भावजी? कुणीतरी पयल्यांदा तोंडाला लावलीच न्हवं?"

ती बेळगावकडची. नवरा आमच्याच खाणीवर होता, छातीत धूळ भरून गेला. पोरंबाळं नव्हती. आमच्या घराच्या मागच्या, भिंती घातलेल्या पडवीत ती दोघं राहायची, तो गेल्यावर ती एकटी राहिली. गोव्यातल्या आमच्या लाटंबार्से गावात तिला सगळे घाटीण म्हणत. मीही म्हणायचो, तोंडावर म्हणायचो. ती रागवायची नाही. "घाट उतरून आलेय, मग घाटीणच की," म्हणायची.

तिला परत जायचं नव्हतं. परत म्हणजे दिराच्या घरी. तिथं गोठ्याशेजारी निजायचं आणि जावेच्या हाताखाली राबायचं. "तिथं भाकरी मिळंल, पण बसून खायला न्हाई मिळायची," असं ती माझ्या बायकोला सांगायची. म्हणून तिनं पिल्लांचा धंदा धरला. बेळगावच्या बसच्या टपावरून खोके यायचे, भोकं पाडलेले, आत एका दिवसाची पिल्लं. ती वाढवायची आणि डिचोलीच्या बाजारात विकायची. पिल्लं जगली तर ती इथं राहणार, मेली तर दीर. इतका साधा हिशेब होता.

पडवीत तिनं पिल्लांसाठी जुन्या पत्र्याचं गोल कडं केलं होतं. चौकोनी का नाही, विचारलं तर म्हणाली, "कोपरा असला की भ्याली पिल्लं कोपऱ्यात घुसतात, एकावर एक. खालची मरतात. माणसांचं बी तसंच हाय." खाली भाताचा कोंडा, त्यावर पहिल्या दिवशी जुने पेपर. करवंटीत पाणी, कोमट, चिमूटभर गूळ घातलेलं. करवंटीत दोनचार खडे, पिल्लू बुडू नये म्हणून. वर टांगलेला बल्ब. बल्बखाली गठ्ठा झाला तर त्यांना थंडी वाजते. कडेला पळाली तर उकडतं. पसरून निजली की समजायचं सुखात आहेत. हे तिनं माझ्या बायकोला शिकवलं. बायको हुशार होती, सगळं ध्यानात ठेवायची.

आम्हालाही मूल नव्हतं. ते मी एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. बायको दिवसभर त्या पडवीत. एखाद्या पिल्लाच्या ढुंगणाला घाण चिकटली की कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसायची, हळू, जसं काही ते तिच्याच पोटचं. मी हसायचो. दोघी मला हाकलून द्यायच्या.

तेव्हा गोव्यात भाषेचा दंगा चालला होता. आमचा भाग मराठीवाला. घरात आम्ही कोंकणी बोलायचो आणि मोर्चात मराठीच्या घोषणा द्यायचो, मीही दिल्या, घसा बसेपर्यंत. पलीकडच्या कोंकणीवाल्यांनी झाडं पाडून रस्ते अडवले. त्यातच तिचे खोके असलेली बस अडकली. आली ती दुसऱ्या दिवशी. खोके उघडले तर अर्धी पिल्लं लोळागोळा. ती खाली बसली. एकेक उचलून बोट पाण्यात, बोट चोचीला. जी गिळायची ती उजवीकडे. जी गिळत नव्हती त्यांनाही पाणी लावूनच डावीकडे ठेवायची.

मी म्हटलं, "अगं मेलेल्यांना कशाला?"

"भावजी, तुमची भांडणं भाषेची. ह्यांना तुमची कोंकणी येत न्हाई आणि माझी मराठी बी. तहान तेवढी येते. गप बसा."

तिच्याशी बोलून मी कधी जिंकलो नाही.

ती खेप निम्मी गेली. पुढची खेप तिनं होतं नव्हतं ते घालून आणली. ही गेली तर संपलं, हे तिला माहीत होतं, आम्हालाही. गोव्याला राज्य मिळालं त्याच पावसाळ्यात ती पिल्लं आली. आठवडाभर सगळी टुकटुकीत. बायको म्हणाली, "बाय, ह्या खेपेक एकूय वचचें ना." एकही जाणार नाही.

मग एक दिवस घाटीण खाद्य आणायला डिचोलीला गेली. पाऊस धो धो. वीज गेली. वीज गेली तर काय करायचं तेही तिनं सांगून ठेवलं होतं. बाटल्यांत गरम पाणी भरायचं, गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवायच्या. बायकोनं तसंच केलं. पण बाटल्या निवत होत्या आणि पिल्लं गठ्ठा करत होती. तेव्हा तिला आमच्याकडची रीत आठवली. बाळंतिणीच्या खोलीत करतात ती. मडक्यात करवंट्यांचा विस्तव ठेवायचा, दार लावायचं, जनेलं म्हणजे खिडक्या बंद करायच्या, वारा लागू द्यायचा नाही. आमच्या घरात अशी खोली कधी झाली नव्हती. ती तिनं त्या दिवशी पडवीत केली. जनेलांच्या फटींत चिंध्यासुद्धा कोंबल्या. तिचे हात किती मायेनं चालले असतील ते मला न बघताही दिसतं.

मी खाणीच्या ट्रकातून येताना स्टँडवर घाटीण भेटली, खाद्याचं पोतं घेऊन. तिला ट्रकात घातली. घरी पोचलो तर बायको पडवीच्या दारात, ओठांवर बोट ठेवून उभी. चेहरा असा उजळलेला की लग्नातसुद्धा तसा नव्हता.

"हळू यो," ती म्हणाली. "जनेलांतल्यान पळयलें हांवें. सगळीं पसरून न्हिदल्यांत." काचेतून बघितलं होतं तिनं, सगळी पसरून निजलेली.

घाटीण थांबली. हातातलं पोतं तिथंच सोडलं. धावत जाऊन तिनं दार उघडलं, जनेलं उघडली, मडकं उचलून पावसात फेकलं. हात भाजले, पण तिचं लक्ष नव्हतं. विस्तवाला धूर नव्हता, म्हणून कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. बंद खोलीतला विस्तव हवा खातो. पिल्लं पसरून निजली होती, सांगितलं होतं अगदी तशी.

ती बसली आणि पुन्हा तेच. बोट पाण्यात, बोट चोचीला. दाराच्या फटीजवळ होती त्यातली मूठभर हलली. बाकी एकही चोच उघडली नाही. बायको भिंतीला टेकून बघत होती. रडतसुद्धा नव्हती.

सगळं झाल्यावर घाटीण उठली आणि बायकोजवळ गेली. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. ती म्हणाली, "अक्का, सकाळी पाणी पाजलं होतंस न्हवं?"

बायकोनं मान हलवली.

"मग झालं. तहानलेली न्हाई गेली."

ती दिराकडे गेली. मी राहा म्हटलं, बायकोनं पाय धरले. "तुमच्या ताटातलं किती दिवस खाऊ, भावजी? मग तिथं राहिले काय नि इथं राहिले काय, सारखंच की," म्हणाली. वाचलेली पिल्लं तिनं अक्काला दिली. बायकोनं ती वाढवली, म्हातारी करून मरू दिली. त्यानंतर आमच्या घरात कोंबडी शिजली नाही. मला आवडायची, पण मी मागितली नाही.

बायको आजारी पडली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. शेवटी दवाखान्यातून घरी न्या म्हणाले. ती काही खाईना. मी पेज करायचो, चमचा ओठांना लावायचो, ती तोंड फिरवायची. मी ओरडायचो तिच्यावर. चार घास खाल्ले तर उठेल असं मला वाटायचं. अडाणी माणूस मी.

एका दुपारी अंगणात घाटीण उभी. केस पांढरे, पाठ वाकलेली, हातात पिशवी. कुणाकडून कळलं तेही तिनं सांगितलं नाही. आत आली, माझ्या हातातला चमचा बघितला.

"भावजी, पेज ठेवा खाली."

वाटीत पाणी घेतलं. बोट बुडवलं आणि बायकोच्या ओठांना लावलं. इतके दिवस मिटलेलं तोंड उघडलं. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा लावलं. बायकोनं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि हसली, अगदी जराशी. संध्याकाळपर्यंत घाटीण तशीच बसून होती. बायको गेली तेव्हा तिचे ओठ ओले होते.

बारावं झाल्यावर घाटीण निघाली. मी म्हटलं, "बाय, आता तरी राहा, पडवी रिकामीच आहे." ती म्हणाली, "आता कुणासाठी, भावजी?" आणि बसमध्ये चढली.

परवा डिचोलीच्या बाजारात तिच्या गावचा भाजीवाला भेटला. विचारलं तर म्हणाला, ती म्हातारी? ती वारली की, पावसाळ्यात. गोठ्याशेजारी निजायची, सकाळी उठलीच नाही.

मी विचारलं, "जवळ कोण होतं? पाणी कुणी दिलं?"

तो तराजू उचलत म्हणाला, "ते कुणाला ठाऊक, आजोबा? वांगी देऊ का?"

मी वांगी घेतली. ती तशीच पडून आहेत. स्वयंपाक मी करतो कधी, कधी करत नाही. पाण्याचा पेला मात्र खाटेजवळच्या खुर्चीवर ठेवतो, आणि निजल्या निजल्या हात लांब करून बघतो, पोचतो का.